ठासणीपासून पाच बारांपर्यंत : शिकारी बंदुकीची भरणी आणि निगा

सुरत, नवसारी, व्यारा, सोनगड या पट्ट्यात चार-पाच पिढ्या राहिलेल्या मराठी घरांत देव्हाऱ्यातले टाक, मोडी कागदांचे दोन-चार रुमाल आणि भिंतीवरच्या पूर्वजांच्या तसबिरी यांच्याबरोबर कधीकधी आणखी एक वस्तू वारशाने आलेली असते. ती म्हणजे शिकारीची बंदूक. आजोबांनी कोणत्या रानात काय मारले, याच्या कथा त्या घरांत पुष्कळ सांगितल्या जातात. ती बंदूक भरत कशी होते आणि बार काढल्यावर तिची निगा कशी राखत होते, हे मात्र फारसे कोणी विचारीत नाही. आमच्या मते शिकारीच्या इतिहासाची खरी किल्ली याच दोन प्रश्नांत आहे. बंदुकीची भरणी जसजशी सोपी आणि जलद झाली, तसतसा शिकाऱ्याच्या हातातील सक्तीचा थांबा कमी होत गेला; आणि जो थांबा पूर्वी बंदूकच पाळावयास लावीत होती, तो पुढे कायद्याला घालून द्यावा लागला. या लेखात ठासणीच्या बंदुकीपासून अर्ध-स्वयंचलित बंदुकीपर्यंतचा हा प्रवास मांडण्याचा आमचा विचार आहे.

प्रारंभ सुरतेपासूनच करणे योग्य. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरतेवर पहिली स्वारी केली, तेव्हा इंग्रजांच्या वखारीचा प्रमुख सर जॉर्ज ऑक्सेंडन याने जहाजावरील खलाशी आत घेऊन वखार लढविली. त्या काळच्या बंदुका तोंडाकडून भरावयाच्या होत्या. आपल्याकडे प्रचलित होती ती तोड्याची बंदूक. तिच्या भरणीचा क्रम पाहण्यासारखा आहे. प्रथम शिंगातून मापाने दारू नळीत ओतावयाची, त्यावर चिंधीचा वा नारळाच्या काथ्याचा बोळा, मग गोळी किंवा छर्रे, पुन्हा बोळा, आणि हे सर्व गजाने ठासावयाचे. त्यानंतर कानावरच्या वाटीत बारीक रंजक घालावयाची, पेटता तोडा फुंकून त्याचा निखारा जिवंत करावयाचा आणि मग नेम धरावयाचा. यातील एकही पायरी चुकली की बार होत नसे. पुढे तोड्याच्या जागी चकमकीचा दगड आला, तरी कसलेल्या शिपायालादेखील मिनिटाला दोन-तीन बारांपलीकडे जाता येत नसे. रानात वाऱ्यापावसात उभ्या असलेल्या शिकाऱ्याची गत याहून मंद असणार, हे उघड आहे.

या बंदुकीने आपल्या भाषेलाही बरेच दिले. एखादी गोष्ट आपण ‘ठासून’ सांगतो, पिशवी ‘ठासून’ भरतो. मोठ्या गर्जनेनंतर काहीच घडले नाही, तर ‘बार फुसका निघाला’ असे म्हणतो. फुसका बार हा निव्वळ अलंकार नव्हता. दारूत सोरा असतो, तिला दमट हवेत ओल धरते, आणि ओलसर दारू भपकन जळून जाते. तापीच्या मुखाशी, खाऱ्या वाऱ्यात राहणाऱ्या माणसाला हा अनुभव नित्याचा असणार. म्हणून त्या काळी बंदुकीची निगा म्हणजे मुख्यतः दारू कोरडी राखणे आणि नळी धुणे. काळ्या दारूची राख हवेतील पाणी ओढून घेते आणि एका रात्रीत नळी आतून गंजविते. म्हणून शिकारीहून परतताच कढत पाण्याने नळी धुवून, कोरडी करून, तेलाचा बोळा फिरविणे हा नियम होता. जेवण मागाहून, बंदूक आधी, अशी ती शिस्त होती.

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात पिलाजीराव गायकवाडांनी सोनगडास ठाणे केले आणि तेथून गायकवाडांचा गुजरातेतील विस्तार झाला. पुढे बडोदे संस्थानाचा नवसारी प्रांत आकारास आला आणि त्याच्या कचेऱ्यांतून, महालांतून मराठी कुटुंबे येथे स्थिरावली. पूर्वेला डांगचे साग-बांबूचे अरण्य, दक्षिणेला धरमपूर आणि वांसदा ही संस्थाने. त्यामुळे शिकार ही येथील दरबारी जीवनाचा एक भाग होती. मात्र ती नेहमी बंदुकीचीच असे, असे नाही. खंडेराव गायकवाडांच्या काळात, १८६० च्या दशकात, बडोद्यास आलेल्या लुई रुसेले या फ्रेंच प्रवाशाने शिकवलेल्या चित्त्यांकरवी होणाऱ्या काळविटांच्या शिकारीचे वर्णन लिहून ठेवले आहे. चित्ता एका धावेत जनावर पकडी किंवा थकून बसे. एका दमात कितीही काळविटे टिपावीत, असा प्रश्नच त्या प्रकारात उद्भवत नसे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोठा पालट झाला. फ्रान्समध्ये १८३० च्या दशकात लफोशो याने मागून उघडणारी बंदूक आणि तिच्यासाठी दारू, छर्रे व टोपी एकत्र असलेले काडतूस सिद्ध केले. इंग्लंडात त्यात सुधारणा होत गेल्या, आणि १८७५ च्या सुमारास अॅन्सन व डीली यांच्या रचनेने बाहेरचा घोडा नाहीसा होऊन तो पेटीच्या आत गेला. आता दुनळी मोडून उघडावयाची, दोन काडतुसे घालावयाची, मिटवावयाची, काम संपले. गज, शिंग, रंजकदान यांची गरज उरली नाही. पावसाची भीतीही कमी झाली. तरीही या बंदुकीला एक मर्यादा होती, आणि ती फार मोलाची होती : दोन बार झाले की तिला उघडावेच लागे. त्या अवधीत उरलेला थवा उडून जाई, हरणांचा कळप टेकडीपलीकडे दिसेनासा होई. शिकाऱ्यालाही विचार करण्यास तेवढीच उसंत मिळे.

ही नवी बंदूक सर्वांच्या हाती आली नाही, हेही ध्यानात घेतले पाहिजे. लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत १८७८ चा शस्त्र कायदा झाला आणि परवान्याशिवाय शस्त्र बाळगणे गुन्हा ठरला. युरोपियनांना मात्र त्यातून सूट मिळाली. हा भेद लोकांना फार जाचला. १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी फिरताना गांधीजींनीदेखील या कायद्यावर कडक टीका केली होती. परिणाम असा झाला की साहेब आणि दरबारी मंडळी यांच्याकडे काडतुसी दुनळी, तर शेताच्या माळ्यावर बसलेल्या शेतकऱ्याच्या हाती ठासणीची एकनळी, अशी विभागणी दीर्घकाळ टिकली. एकाच तालुक्यात सतराव्या आणि विसाव्या शतकाच्या बंदुका शेजारी शेजारी नांदत होत्या.

यानंतरचा टप्पा अमेरिकेत घडला. जॉन मोझेस ब्राउनिंग या संशोधकाने एक बार उडाला की धक्क्याच्या जोरावर रिकामे काडतूस आपोआप बाहेर टाकून नवे आत घेणारी शिकारी बंदूक तयार केली आणि १९०० साली तिचे पेटंट मिळविले. तोवर त्याची बहुतेक रचना विंचेस्टर कंपनी विकत घेत असे. परंतु या वेळी त्याने एकरकमी मोबदल्याऐवजी प्रत्येक बंदुकीमागे हिस्सा मागितला आणि बोलणे फिसकटले. (आपल्या सुरतेचे १८९० चे विंचेस्टर संग्रहालय, जे पुढे सरदार पटेलांच्या नावाने ओळखले जाऊ लागले, त्याचा या कंपनीशी संबंध नाही, ते नाव येथील इंग्रज अधिकाऱ्याचे होते.) ब्राउनिंग रेमिंग्टन कंपनीकडे गेला, तर जानेवारी १९०२ मध्ये भेटीच्या दिवशीच त्या कंपनीचे प्रमुख मार्सेलस हार्टली हृदयविकाराने वारले. शेवटी तो बेल्जियममधील हेर्स्टाल येथील कारखान्यात पोहोचला आणि तेथे ही बंदूक निघू लागली. रेमिंग्टननेही १९०५ पासून तिचीच आवृत्ती काढली. नळीखालच्या मॅगझिनमध्ये चार आणि चेंबरमध्ये एक, अशी पाच काडतुसे तीत राहत. म्हणूनच तिचे नाव ‘ऑटो-५’ असे पडले. नावात ‘ऑटो’ असले तरी ती पूर्ण स्वयंचलित नव्हे. प्रत्येक बारासाठी चाप पुन्हा ओढावाच लागतो. आपोआप होते ती केवळ भरणी. म्हणूनच तिला अर्ध-स्वयंचलित म्हणणे योग्य.

तिचे काम कसे चालते, हे समजून घेतले तर तिची निगा का नाजूक असते, हेही समजते. बार होताच नळी आणि तिच्यामागचा बोल्ट एकमेकांत अडकलेल्या स्थितीत काडतुसाच्या लांबीहून अधिक मागे सरकतात. मग बोल्ट मागेच थांबतो आणि नळी पुढे जाते. त्या वेळी रिकामे काडतूस मोकळे होऊन बाहेर फेकले जाते. नंतर बोल्ट पुढे येताना मॅगझिनमधून वर उचलले गेलेले नवे काडतूस चेंबरमध्ये ढकलतो. हे सर्व डोळ्याचे पाते लवण्याच्या आत होते. सरकणाऱ्या नळीचा वेग आवरण्यासाठी मॅगझिनच्या नळीवर एक जाड स्प्रिंग, पितळी जातीच्या धातूचे घर्षणाचे कडे आणि एका बाजूने उतार दिलेले पोलादी कडे बसविलेले असते. जोरदार काडतुसे वापरावयाची असतील, तर पोलादी कडे स्प्रिंग आणि घर्षणाचे कडे यांच्यामध्ये, उताराची बाजू घर्षणाच्या कड्याकडे करून ठेवावयाचे. हलकी काडतुसे असतील, तर ते स्प्रिंगच्या मागे, पेटीला लागून ठेवावयाचे. ही अदलाबदल विसरली तर दोनपैकी एक गोष्ट घडते : हलक्या काडतुसाने नळी पुरती मागे येत नाही आणि बंदूक अडकते, किंवा जोरदार काडतुसाने ती इतक्या जोराने आदळते की दस्त्याचे लाकूड पेटीजवळ तडकते. जुन्या ऑटो-५ च्या दस्त्याला त्या जागी बारीक चीर दिसली, तर कोणीतरी ही कडी उलटसुलट बसविली होती किंवा स्प्रिंग थकली होती, असे समजावे.

भरणीच्या बाबतीतही या बंदुकीचे काही विशेष होते. आरंभीच्या नमुन्यांत मॅगझिन भरताना खालचा उचलपट्टा अंगठ्याने आत दाबून धरावा लागे आणि काडतूस पुढे सारताना नवख्याचा अंगठा त्यात हमखास चिमटे. पेटीच्या डाव्या अंगाला एक लहान खटका असे. तो फिरविला की मॅगझिनमधील काडतुसे जागीच राहत आणि चेंबरमध्ये हाताने एकच काडतूस घालता येई. बदकासाठी बारीक छर्रे भरलेले असताना एकाएकी रानडुक्कर समोर आले, तर मॅगझिन रिकामे न करता मोठ्या छर्‍याचे काडतूस घालण्याची ही सोय होती. पुढे, १९५० च्या दशकात, आणखी एक सुधारणा झाली : बोल्ट मागे अडकविलेला असताना पहिले काडतूस मॅगझिनच्या तोंडाशी ढकलले की ते थेट चेंबरमध्ये जाऊन बोल्ट आपोआप बंद होई. ही सोय जितकी मोठी, तितकीच धोक्याचीही. कारण मॅगझिन भरीत आहोत अशा समजुतीत असलेल्या माणसाच्या हातात क्षणार्धात बाराला सज्ज बंदूक येते.

या धोक्याचे सर्वांत बोलके उदाहरण विंचेस्टरच्या १९११ च्या नमुन्यात मिळते. बोल्ट ओढण्याच्या मुठीची कल्पना ब्राउनिंगच्या पेटंटमध्ये अडकलेली असल्याने विंचेस्टरला ती वापरता येईना. म्हणून त्यांनी नळीच हाताने मागे दाबून बंदूक सज्ज करण्याची योजना केली. त्या काळची काडतुसे जाड कागदाची होती. ओल लागली की ती फुगत आणि चेंबरमध्ये घट्ट बसत. मग अडकलेले काडतूस काढण्यासाठी लोक दस्ता जमिनीवर टेकवून नळी दोन्ही हातांनी खाली दाबीत. त्या वेळी नळीचे तोंड त्यांच्याच तोंडासमोर असे. अशा रीतीने इतके अपघात झाले की त्या बंदुकीला विधवा करणारी असे नाव पडले. कागदी काडतूस आणि दमट हवा यांची गाठ आपल्या किनाऱ्यावरही पडत होतीच. प्लॅस्टिकची काडतुसे रूढ होण्यापूर्वीच्या पिढीतील जाणती माणसे पावसाळ्यात काडतुसे तांदळाच्या डब्यात किंवा घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या पेटीत ठेवीत, यामागे हाच अनुभव होता.

पुढील काळात दोन वेगळ्या रचना आल्या. रेमिंग्टनने १९६३ मध्ये काढलेल्या ‘११००’ या नमुन्यात नळी स्थिर राहते. नळीला पाडलेल्या बारीक छिद्रांतून जळत्या वायूचा थोडा अंश खाली येतो आणि मॅगझिनभोवतीचा दट्ट्या मागे ढकलतो. धक्का सौम्य लागतो, कड्यांची अदलाबदल उरत नाही. परंतु काजळी साचते. ती खरवडली नाही, किंवा वायू अडविणारे रबरी कडे वाळून चिरले, तर बंदूक अडते. इटलीतील बेनेल्ली कंपनीने १९६० च्या दशकाच्या अखेरीस जडत्वाच्या तत्त्वावर चालणारी रचना आणली. तीत काजळी कमी, भागही थोडे. आपल्या देशात मात्र स्वातंत्र्यानंतर परदेशी बंदुकांच्या आयातीवर कडक बंधने आल्याने या नव्या बंदुका क्वचितच आल्या. जी जुनी बंदूक घरात होती, तीच जपून वापरणे लोकांना भाग पडले. म्हणूनच निगेचा विषय आपल्याकडे अधिक महत्त्वाचा ठरला.

या निगेविषयी थोडे तपशिलाने लिहितो. कारण घरात परवान्याची बंदूक असलेल्या कुटुंबांना त्याचा उपयोग आहे. पहिली गोष्ट, कोणत्याही कामापूर्वी बंदूक रिकामी असल्याची खात्री डोळ्यांनी आणि बोटाने करावी. दुनळी उघडताच दिसते. अर्ध-स्वयंचलित बंदुकीत चेंबर रिकामे दिसले तरी मॅगझिनमध्ये काडतूस असू शकते. म्हणून आधी मॅगझिन, मग चेंबर, पुन्हा मॅगझिन, असा क्रम ठेवावा. दुसरी गोष्ट, तेल थोडे आणि पातळ असावे. खोबरेल वा तिळाचे तेल काही महिन्यांत चिकट होते आणि त्यावर धूळ बसून राळेसारखा थर जमतो. त्यापेक्षा शिवणयंत्राला घालतात तसले पातळ खनिज तेल बरे. ऑटो-५ च्या मॅगझिन-नळीवर तेलाचा नुसता हात फिरवावा. तेथे तेल थबथबले तर घर्षणाचे कडे नळीला आवरू शकत नाही आणि सगळा मार दस्त्यावर येतो.

तिसरी गोष्ट, बंदूक चामड्याच्या म्यानात घालून ठेवू नये. चामडे ओल धरते आणि कमावण्याच्या क्षारांनी पोलादावर डाग पाडते. प्रवासापुरते म्यान, घरी कोरडे कपाट, हा नियम बरा. उभी ठेवावयाची असेल, तर तोंड खाली आणि दस्ता वर अशी ठेवावी. नाहीतर वर्षानुवर्षे पेटीतले तेल ओघळून दस्त्याच्या लाकडात मुरते आणि लाकूड मऊ पडते. चौथी गोष्ट, जुन्या काडतुसांच्या टोप्यांतील मसाल्याने नळीत क्षार राहत. ते नुसत्या तेलाने जात नाहीत, त्यांना कढत पाणीच लागते. पाचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची : ज्या नळीवर लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून केल्यासारखी नागमोडी नक्षी दिसते, ती काळ्या दारूसाठी बनविलेली आहे. तीत आजचे बिनधुराचे काडतूस कदापि घालू नये. तसेच जुन्या बंदुकीचे चेंबर आजच्या काडतुसाहून आखूड असू शकते. काडतूस आत बसते, मात्र त्याचे तोंड उघडण्यास जागा न मिळाल्याने दाब वाढतो. अशा बंदुकीची तपासणी परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यावी.

सुरतकरांना आणखी एका संकटाची ओळख आहे. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीला पूर आला आणि शहराचा मोठा भाग बुडाला. तळमजल्यावरील कपाटांत पाणी आणि गाळ शिरला. दुनळी बुडाली तर ती उघडून, धुवून, वाळवून बहुधा वाचविता येते. अर्ध-स्वयंचलित बंदुकीचे तसे नाही. बोल्टला पुढे ढकलणारी स्प्रिंग दस्त्याच्या आत एका नळकांड्यात दडलेली असते. बाहेरून सर्व लख्ख दिसत असताना गाळाचे पाणी आत राहते आणि काही महिन्यांत ती स्प्रिंग गंजून जागीच बसते. पुरात बुडालेल्या अशा बंदुकीचा दस्ता उतरवून ते नळकांडे मोकळे केल्याखेरीज ती दुरुस्त झाली, असे मानता येत नाही. यंत्र जितके जलद, तितकी त्याची दुखणी आत दडलेली, हे येथे दिसते.

आता कायद्याकडे वळू. १९५९ चा शस्त्र कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. निदान वीस इंच नळीची गुळगुळीत नळीची बंदूक संरक्षणासाठी किंवा खेळासाठी, आणि ठासणीची बंदूक खऱ्याखुऱ्या पीक-संरक्षणासाठी, असा स्पष्ट उल्लेख त्यात आहे. सतराव्या शतकातील भरणीची पद्धत विसाव्या शतकाच्या कायद्यात शेतकऱ्यासाठी मुद्दाम राखून ठेवली गेली, कारण एका बारानंतर थांबणारी बंदूक राज्यकर्त्यांना निर्धोक वाटली. उलट १९६२ च्या शस्त्र नियमांनी अर्ध-स्वयंचलित बंदुकांना साध्या काडतुसी बंदुकांपासून वेगळे काढून अधिक कडक वर्गात घातले. म्हणजे कायद्यानेही बंदुकीची पारख तिच्या भरणीवरूनच केली. सरकारी नोकरीत असताना परवान्यांचे कागद आमच्या नजरेखालून जात, तेव्हा या वर्गवारीमागील इतिहास आमच्या ध्यानात येत नसे. आज तो स्पष्ट दिसतो.

शिकारीवरील बंधनेही टप्प्याटप्प्याने आली. १९१२ च्या कायद्याने काही पशुपक्ष्यांसाठी बंदीचा हंगाम ठरविण्याचा अधिकार सरकारला दिला. १९५१ मध्ये मुंबई राज्याने वन्य पशुपक्षी संरक्षणाचा स्वतंत्र कायदा केला. त्या वेळी सुरत मुंबई राज्यातच होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने देशभर कडक बंधने घातली, आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर परवाना काढून शिकार करण्याचा मार्गच बंद झाला. अभयारण्याच्या दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या शस्त्र-परवानाधारकाने वन खात्याकडे नाव नोंदविले पाहिजे, असेही हा कायदा सांगतो. वांसद्याच्या जंगलात १९७९ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, डांगमध्ये १९९० मध्ये पूर्णा अभयारण्य झाले. ज्या रानांत हाके होत, तेथे आता वनरक्षकाची गस्त असते. राजघराण्यांतही मन पालटले. शिकारखाना बाळगणाऱ्या गायकवाड घराण्यातील फत्तेसिंहराव हे पुढे वर्ल्ड वाइल्डलाइफ फंडाच्या भारतीय शाखेचे अध्यक्ष झाले, ही गोष्ट आपल्या मंडळींना अभिमानाची वाटावी अशी आहे. डांगच्या रानातील स्थायिक वाघ मात्र हातचा गेला. आज दक्षिण गुजरातेत उसाच्या फडात बिबटे वाढले आहेत. पण त्यांचा बंदोबस्त वन खात्याच्या पिंजऱ्याने होतो, घरच्या बंदुकीने नव्हे.

अमेरिकेचा या बाबतीतला अनुभव आपल्याहून निराळा आणि उद्बोधक आहे. तेथे विल्यम हॉर्नडे या प्राणिशास्त्रज्ञाने १९१३ मध्ये ग्रंथ लिहून अशा जलद बंदुकांवर कठोर हल्ला चढविला. बंदुकीवर सरसकट बंदी आली नाही. मात्र १९३५ मध्ये स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांच्या शिकारीसाठी बंदुकीत एकूण तीनच काडतुसे राहतील, असा नियम झाला. त्यासाठी मॅगझिनच्या नळीत एक लाकडी दांडी घालावयाची. पाच बारांची बंदूक त्या वीतभर काठीने तीन बारांची होते. ब्राउनिंगने जी उसंत यंत्रातून काढून टाकली होती, ती तेथील सरकारने लाकडाच्या रूपाने पुन्हा आत बसविली. आपल्या देशाने काठी घालण्याऐवजी शिकारच थांबविली. आपल्या रानांची आणि लोकवस्तीची अवस्था पाहता, आपला मार्ग अधिक योग्य होता असे आमचे स्पष्ट मत आहे.

मग घरातील बंदुकीचे काय करावे? हा प्रश्न आज अनेक कुटुंबांपुढे आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवानाधारकाच्या निधनानंतर, किंवा त्याने वयाची सत्तर वर्षे पूर्ण केल्यावर अथवा शस्त्र पंचवीस वर्षे बाळगल्यावर, वारसाला परवाना मागता येतो. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडे तीनऐवजी दोनच शस्त्रे राहू शकतात. वारसाकडे परवाना नसताना ‘वडिलांची आठवण’ म्हणून बंदूक कपाटात ठेवणे हा गुन्हा आहे. तोवर ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा केली पाहिजे. पुष्कळ घरांत मुले परदेशी आहेत, घरी वृद्ध आई-वडील आहेत, आणि दर पावसाळ्यात बंदूक उतरवून पुसणारा हात उरलेला नाही. अशा ठिकाणी बंदूक रीतसर जमा करणे यात पूर्वजांचा काहीही अपमान नाही. गंजलेली, आत काडतूस आहे की नाही हे कोणालाच ठाऊक नसलेली बंदूक घरात ठेवणे, हा त्यांच्या शिस्तीचा खरा अपमान होय.

मात्र बंदूक देण्यापूर्वी एक काम अवश्य करावे. तिच्यावरील कारखान्याचे नाव, नळीची लांबी, भरणीची पद्धत, कोणत्या साली कोणी घेतली, कोणत्या रानात वापरली आणि तिने काय काय मारले, हे सर्व एका कागदावर लिहून कुलवृत्तांतात जोडावे. मारलेल्या जनावरांचा आकडाही लपवू नये. गज ठासून एकच बार काढणारा पणजोबा, दुनळीचा आजोबा आणि पाच बारांची बंदूक हाती आलेला चुलता, यांच्या तीन आकड्यांतच त्या रानाचा शंभर वर्षांचा इतिहास आपोआप लिहिला जाईल. तो आपल्या नातवंडांना वाचता यावा, एवढीच आमची विनंती आहे.